बिल मी देते

लखनौत माझा पगार कपड्यालत्त्यात गेला नाही, चिकनच्या कुर्त्यांत तर नाहीच नाही. तो गेला मैत्रीत. खरं तेच सांगते.

बँकेने मला सांगलीतून उचलून इथे आणून टाकलं. नवरा आणि मुलगी तिकडेच, मी जानकीपुरममध्ये दोन खोल्यांत एकटी. सांगलीच्या फ्लॅटचा हप्ता माझ्याच पगारातून जायचा. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काउंटरवरची बाई म्हणाली, "चलिए, आपको चाट खिलाते हैं," आणि स्कूटरवर मागे बसवून अलीगंजला घेऊन गेली. अख्ख्या शहरात तेवढी एकच ओळख, पण काय माणूस होतं! तिच्या गप्पा ऐकत फिरायला लागल्यावर कुठे मला हे शहर आवडायला लागलं.

बिलाला मात्र ती हात लावू देईना. पुढच्या खेपेला मी हट्टाने दिलं, तर त्याच्या पुढच्या खेपेला तिने आणखी मोठ्या ठिकाणी नेलं. मग मीही इरेला पेटले. टिक्कीवरून कबाब-पराठा, तिथून थेट वेटर खुर्ची ओढून देतो असलं हॉटेल. वीस तारखेला खात्यात खडखडाट! लोकांना दिवसभर बचतीच्या योजना समजावणारी मी, महिन्याचे शेवटचे दहा दिवस खिचडीवर काढत होते.

आमच्याकडे कॉलेजपासून सरळ नियम. टीटीएमएम, म्हणजे तुझं तू, माझं मी. त्यात कुणाला लाज नाही, उलट कुणाचे उपकार नकोत म्हणून मान ताठ. तर एका शुक्रवारी तिने त्या खुर्चीवाल्या हॉटेलात बिल दिलं, आणि घरी आल्या आल्या मी माझा वाटा, चारशे सदतीस रुपये, फोनवरून तिला पाठवून दिले. वर लिहिलं, "मेरा आधा." किती हुशार वाटले मी स्वतःला!

सोमवारी तिने हसून नमस्ते केलं. "कैसी हैं आप?" बस, एवढंच. अहो, भांडली असती तर परवडलं असतं. सांगलीत बाई चिडली की गल्लीला कळतं. ही बया चिडली की आणखी गोड बोलते, अंगावर काटा येतो. संध्याकाळी रोजच्यासारखी स्कूटर घेऊन ती माझ्यासाठी थांबली नाही. पुढचे दोन आठवडे मी ई-रिक्षाने ये-जा केली, जेवणाचा डबा एकटीने खाल्ला. पैसे वाचले हो, चांगले वाचले. काय जाळायचेत ते? इथे आल्यापासूनच्या आठ महिन्यांत मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. ही गेली तर या शहरात माझं कोणी उरत नव्हतं.

शेवटी एका रविवारी सकाळी भडंग केलं, डब्यात भरलं आणि तिच्या दारात जाऊन उभी राहिले. तिने बसवलं, पाणी दिलं, मिठाई पुढे केली, तब्येत विचारली. सगळं तसंच गोड. म्हटलं, गेलं खड्ड्यात! माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं ओकून मोकळी झाले. "देखिए, मेरे पास पैसा नहीं है. घर की किस्त जाती है. आपके जैसा खर्चा मेरे से नहीं होता. पर आपके बिना भी नहीं होता." आणि रडूच आलं की मला, चांगलं नाक वाहेपर्यंत.

ती बघतच राहिली. "हमारे जैसा?" म्हणाली. "अरे, हमने तो आपके चक्कर में अपनी आरडी तोड़ दी!"

आरडी! दर महिन्याला थोडे थोडे टाकून जमवलेले पैसे. ती मोडू नका म्हणून रोज गिऱ्हाइकांच्या विनवण्या करणारी ही बाई! तिला वाटायचं, महाराष्ट्रवाले म्हणजे बंबईवाले, यांना साध्या ठिकाणी कसं न्यायचं? आणि माझे पैसे आले तेव्हा तिला वाटलं, आता हिला आपण खाऊ घातलेलंही नको झालं. सांगली ते मुंबई किती तास लागतात ते मी सांगितलं, तशी ती पोट धरून हसली. मीही हसले, डोळे पुसत. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात ना, तसं झालं अगदी.

अर्ध्या-अर्ध्याला ती काही केल्या तयार होईना. "वह हमसे नहीं होगा." मग ठरलं, आठवड्यातून एकदा, हातगाडीवर, आळीपाळीने. पहिली पाळी तिची, आणि ती लगेच.

गल्लीच्या तोंडाशी टिक्कीची गाडी होती. तिने एक प्लेट सांगितली, दोन चमचे मागितले. भैया तिला लहानपणापासून ओळखणारा. "बस एक? और क्या लगाऊँ, दीदी?" भोवती तिचेच शेजारीपाजारी उभे होते.

"बस भैया," ती चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "आज पैसे नहीं हैं."

पाहुण्यासमोर असं बोलणं म्हणजे तिच्या घरात मरण. आणि ती ते माझ्यासाठी भर रस्त्यात बोलली. टिक्की गरम होती, मी तिच्याकडे न बघता खात राहिले.