भाऊजींचं भेकर

आमचे थोरले भाऊजी एक नंबरचे थापाडे, असं त्यांच्या बायकोचं, म्हणजे माझ्या जाऊबाईंचं, ठाम मत होतं. भाऊजी गुरांमागे आमच्या वलवण गावामागच्या डोंगरात जायचे आणि परत आले की अंगणातूनच ओरडायचे, "आज पुन्यांदा दिसलं बरं का!" दिसलं म्हणजे भेकर. तांबूस रंगाचं, बुटकं, एकटंच हिंडणारं हरीण, कुत्र्यासारखं भुंकणारं. ते म्हणे झऱ्याजवळच्या उंबराखाली पडलेली उंबरं खायला येतं. आणि चालतं कसं? "नुकत्याच सारवलेल्या अंगणात नवी नवरी कशी पाऊल टाकती? तसं. उचलून, उचलून." जाऊबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या, "व्हय तर! आन जाताना रामराम घालून गेलं आसंल." सगळं घर हसायचं. भाऊजीही हसायचे, पण गंमत केली असं एकदाही म्हणाले नाहीत.

भाऊजी गेले त्याला आता काही वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर जाऊबाईंच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. त्याआधी त्यांना अंगणातली कोंबडी दिसत नव्हती. नजर आली आणि बाईंनी घरातलं एकेक जळमट शोधून मला जीव नकोसा केला. मग एका सकाळी चहा पिता पिता म्हणाल्या, "मला त्ये भेकर बघायचंय."

"कशाला?"

"ह्ये खरं बोलत व्हते का थापा मारत व्हते, येकदा कळू दे. जल्मभर मी त्यान्ला हसले गं."

हे बोलताना त्यांचा आवाज असा काही झाला, की मला टोमणा सुचलाच नाही. आणि मला टोमणा न सुचणं म्हणजे काय ते आमच्या घरी विचारा. मी लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात काउंटरवर उभी असते. शनिवार-रविवारी पर्यटकांशी भांडून भांडून माझी जीभ तलवारीसारखी झाली आहे, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं.

मग आम्ही दोघी सकाळी सकाळी डोंगर चढायला लागलो. उंबराचं झाड सापडलं, झराही सापडला. भेकर कुठलं दिसतंय! माकडं दिसली, मोर दिसला, कुणाचीतरी हरवलेली म्हैस दिसली. दरवेळी खाली उतरताना जाऊबाई वळून वळून उंबराकडे बघायच्या. एकदा तर म्हणाल्या, "थापाच आसतील." मला राग आला. भाऊजींचा नाही, त्या भेकराचा.

मी ठरवलं, बाहेर जायचं. विदर्भातल्या एका जंगलात. तिथे म्हणे हरणं वाटेवर उभी असतात. माझं म्हणणं साधं होतं. नवशिक्यानं आधी जिथे भरपूर आहे तिथे जावं, नजर तयार करावी, मग आपल्या डोंगरात यावं. पोहायला शिकताना कुणी थेट धरणात उडी मारतं का?

जाऊबाई उसळल्याच. "आपल्या परड्यातली भाजी वळखाया येत न्हाई, आन निघाली बाजाराला! ह्यांचं भेकर हितलं. तितं जाऊन काय त्याची मावळण बघायची?"

आमच्या सासऱ्यांच्या काळात गावची माणसं शिकारीला जायची, तेव्हाही म्हणे हाच वाद चालायचा. नव्या गड्यानं आधी घरचा डोंगर पाठ करावा, की दुसऱ्याच्या रानात जाऊन हात बसवावा? आता शिकारीला बंदी आहे आणि बरंच झालं. आमची शिकार नुसत्या डोळ्यांची. वाद मात्र जुनाच राहिला. शेवटी माझा नवरा म्हणाला, "दोघी जा. मला जरा शांतता मिळू दे." हा टोला जाऊबाईंना लागला आणि त्या हट्टानं तयार झाल्या.

आता ऐका आमची फजिती. लोणावळ्याचं माणूस परगावी निघालं की पिशवीत चिक्की असणारच, हा आमचा धर्म. मी उघड्या जीपमध्ये बसले, अंगावर पिवळीधम्मक साडी, केसांत गजरा, मांडीवर शेंगदाणा चिक्कीची पाकिटं. वळणापलीकडे ठिपक्यांच्या हरणांचा केवढातरी कळप! "अगंबाई! जाऊबाई, बघा, बघा!" मी जवळजवळ उभीच राहिले. पुढे बसलेला गाईड हळूच म्हणाला, "मॅडम, आवाज नको." मी बसले. आणि त्या शांततेत, काय दुर्बुद्धी झाली देव जाणे, मी पाकीट फोडलं.

चर्रर्र! सगळ्या कळपानं माना वर केल्या. पुढच्या क्षणी रस्ता मोकळा. "मॅडम, खायचं नंतर," गाईड म्हणाला. मागच्या जीपमधून कुणीतरी पुटपुटलं, "कुठून कुठून येतात लोक!"

मी! दर रविवारी हेच वाक्य काउंटरमागून पुटपुटणारी मी! लाजेनं कान तापले. जाऊबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या, नव्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मलाही हसू आवरेना. इतकं मनमोकळं आम्ही दोघी भाऊजी गेल्यापासून हसलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी गजरा काढला, मातकट साडी नेसले, बांगड्यांवर रुमाल बांधला. पाणवठ्यापाशी जीप थांबवून आम्ही गप्प बसून राहिलो. आधी कंटाळा आला. मग हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. अख्खं हरीण शोधायचंच नसतं. पानांमध्ये एखादा कान हलतो, तेवढा बघायचा. कान सापडला की मागचं हरीण आपोआप दिसायला लागतं. आणि वारा आपल्या तोंडावर येत असला पाहिजे, पाठीवर नाही. घरच्या डोंगरात आम्ही नेमका वारा पाठीवर घेऊन गप्पा मारत चढत होतो. दिसणार काय, कपाळ!

"कशी आहेत हरणं?" मी परतीच्या गाडीत विचारलं.

"लय झ्याक. आपल्या शेरडांवानी मायाळू." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पर ह्यातलं ह्यांचं येक बी न्हवतं."

मला वाटलं, झालं, पैसे पाण्यात. तेवढ्यात त्याच पुढे म्हणाल्या, "आता घरी गेल्याव वारा तोंडाव घिऊन जाऊ. वरच्या वाटंनं." म्हणजे वादात कोण जिंकलं? मी म्हणते मी. त्या म्हणतात त्या. अजून निकाल लागलेला नाही.

चैत्र लागला, उंबरं पिकून पडायला लागली. आम्ही वरच्या वाटेनं जाऊन एका खडकाला टेकून बसायचो. उजाडायचं, वलवणच्या धरणाचं पाणी चमकायला लागायचं, खाली एक्सप्रेस-वेचा आवाज वाढत जायचा आणि मी दुकानाच्या वेळेला उठायचे. काही दिसलं नाही तरी त्या बसण्यानं मला बरं वाटायचं. घरात आम्ही कधी इतका वेळ न भांडता बसलोच नव्हतो.

एका सकाळी मी उठायच्या बेतात होते, तर जाऊबाईंनी माझं मनगट धरलं. नुसती हनुवटी पुढे केली.

उंबराच्या पलीकडे करवंदीच्या जाळीत एक कान हलला.

मग नाक आलं. मग तांबूस मान. लहानशी शिंगं, कपाळावर काळ्या रेघा. भेकर जाळीतून बाहेर आलं, थांबलं, आणि उंबराकडे चालायला लागलं. पुढचा पाय उचलला, अगदी वर, जरासा अधांतरी धरला आणि अलगद टेकला. मग दुसरा. वाळक्या पानांवर, पण असं, की जणू खाली ओलं शेण आहे आणि डाग पडला तर सासू ओरडेल. उचलून, उचलून.

मी जाऊबाईंकडे बघितलं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"व्हय वो," त्या मोठ्यानं म्हणाल्या, अगदी स्वयंपाकघरातून अंगणात बोलावं तशा. "व्हय! खरं हाय तुमचं!"

भेकरानं झटक्यात मान वळवली, उडी मारली आणि भुंकत भुंकत झाडीत गेलं. मी चिडून तोंड उघडलं होतं. मग मिटलं. त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या.