थडग्याचा निरोप घेताना

नवऱ्याची कंपनी दुबईतलं ऑफिस बंद करणार, म्हणजे आम्हाला दुबई सोडावी लागणार, हे आम्हाला महिनाभर आधीच कळलं होतं. मुलांना सांगितलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या पायाला भिंगरी लागली होती. राहिलंय ते सगळं बघून घ्या, यल्ला, उठा, चला!

त्या शनिवारी शारजाच्या वाळवंटात म्लेहाला गेलो. तिथे हजारो वर्षांपूर्वीचं एक गोल दगडी थडगं आहे. भिंती पडक्या, आतले कप्पे रिकामे. धाकटा बुटातली वाळू झाडत "हाऊ मच लाँगर?" म्हणून कटकट करत होता, नवरा फोनवर ट्रॅफिक बघत होता. मी दोघांवर खेकसत राहिले आणि माझंच धड बघून झालं नाही.

निघताना आठ वर्षांच्या थोरलीनं थडग्याकडे वळून हात हलवला. "येते हं!"

कुठूनही निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे मीच शिकवलेलं. तरी मी तिचा हात खसकन ओढला.

"अगं, थडग्याला येते म्हणतात का? इथून निघताना मागे वळूनसुद्धा बघायचं नसतं."

"देन व्हॉट डू आय से? जाते म्हटलं तरी तू ओरडतेस."

मी गाडीचं दार उघडलं. "बस गाडीत," म्हणाले.

शारजाच्या जॅममध्ये गाडी अडकली. धाकटा झोपला होता. मागून थोरलीचा आवाज आला, "आई, व्हेन वी लीव्ह दुबई, व्हॉट विल वी से? येतो की जातो?"

मागे वळून बघायची हिंमत आम्हा दोघांनाही झाली नाही.