नाव न्हाय, नुसतं गाव विचारलं

चहा आला का? घ्या आधी दोन घोट, कारण मी जे करून बसलोय ते ऐकल्यावर घशाखाली उतरायचा न्हाय.

आमच्या कॉलेजात जिन्याखालच्या खोलीत दर गुरुवारी एक डॉक्टरीणबाई येतात. पाळी, गर्भनिरोधक, नको तिथलं दुखणं, म्हणजे जे घरात बोलायची सोय न्हाय ते पोरापोरींनी तिथं बोलायचं. फुकट आणि गुपचूप. आणि त्या गुपचूप खोलीच्या दारात स्वयंसेवक म्हणून कोण? मी! अख्ख्या राजारामपुरीत तोंडाला झाकण नसलेला माणूस शोधून बसवला जणू.

बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलेलं, "नाव विचारायचं नाही. चिठ्ठीवर नंबर द्यायचा, आत पाठवायचं. बस."

"अजिबात न्हाय विचारत मॅडम!"

म्हैनाभर कुत्रं फिरकलं न्हाय. आणि मग एका गुरुवारी आली की एक पोरगी! तोंडाला स्कार्फ, नुसतं डोळं दिसत्यात. खुर्चीच्या टोकावर बसली. आत बाई फोनवर होत्या. म्हटलं, बिचारी घाबरलीया, जरा मोकळं करूया.

आता कोल्हापूरचा माणूस समोरच्याला मोकळं कसं करतो? सांगा बघू!

"गाव कुठलं?"

बाई नाव विचारू नको म्हणालत्या. गावाचं कुठं काय बोललत्या?

"मलकापूर," ती हळूच म्हणाली.

"काय सांगतीस! आमची आत्या दिलीया मलकापुरात! घर कुठंशी?"

"स्टँडाकडं."

"पिठाच्या गिरणीमागं?"

तिनं स्कार्फ आणखी वर ओढला. शहाण्या माणसानं इथं थांबावं की न्हाय? पण एकदा पै-पावण्यांचं नातं निघाय लागलं की थांबंल तो मी कसला!

"गिरणीमागं दोनच घरं. एक आमच्या आत्याचं. मग तू शोभाताईची पोरगी काय? थांब, आत्यालाच विचारतो!"

ती "नको, नको" म्हणेपतोर मी फोन लावला. वर स्पीकर!

"आत्या, शोभाताईची पोरगी कोल्हापुरात शिकत्या काय?"

"व्हय की! एम्मेस्सीला हाय, हॉस्टेलवर. शोभी तुझी बहीणच लागती, म्हंजे ती तुझी भाची की रं! कुठं भेटली?"

"हितंच, आमच्या..." आणि तेव्हा कुठं मला बाईंचं बजावणं आठवलं.

"कुठं म्हणालास?"

घाईत मी जगातलं सगळ्यात गाढव खोटं बोललो. "दवाखान्यात न्हाय आत्या! दवाखान्यात नव्हं!"

मी कसल्या दारात बसतो हे मीच तर अख्ख्या भावकीला छाती फुगवून सांगितलेलं.

आत्यानं फोन ठेवला. मी घाम पुसतोय तोवर पोरीचा फोन वाजला. 'आई'. एवढ्या लवकर तर ॲम्ब्युलन्स पण येत न्हाय हो!

"आई, तसलं काय न्हाय... अगं ऐक तरी..." मग ती नुसती ऐकतच राहिली. मग उठली.

आतनं बाईंचा आवाज, "पाठव रे पुढचा नंबर!"

मी कॉलेजच्या फाटकापतोर मागं पळालो. "अगं, बाई बोलवत्यात, जा की आत!"

ती गर्रकन वळली. "चार म्हैनं पाळी न्हाय मला. केस गळत्यात, वजन वाढतंय. एवढंच दाखवायचं हुतं मला. आता हे घरात कुणाला पटणार हाय?"

गप्प बसावं ना? मी म्हणालो, "थांब, मी समजावतो आत्याला!"

समजावलं की! फोन करून सांगितलं, तसलं काय न्हाय, नुसती चार म्हैनं पाळी न्हाय तिला. आत्यानं पुढचं ऐकलंच न्हाय. लग्न न झालेल्या पोरीची चार म्हैनं पाळी न्हाय म्हटल्यावर पुढचं कोण ऐकतंय?

आठवड्यात पोरगी हॉस्टेलमधनं घरी. मग काय, एम्मेस्सी बंद, स्थळं चालू. दिवाळीच्या तोंडावर साखरपुडा.

आणि मला मानाचं बोलावणं! आत्या आपल्या माणसांत सांगत सुटलेली, "ह्या पोरामुळं वेळेत कळलं बघा, न्हायतर घराण्याचं काय झालं असतं!" मला फेटा बांधला. हातात नारळ दिला. वर टाळ्या! आयुष्यातला पहिला सत्कार हो माझा. तो ह्याच्यासाठी.

मग फोटोला तिच्या शेजारी उभं केलं.

"दाखवलंस का कुणाला मग?" मी ओठातल्या ओठात विचारलं.

"दाखवलं की. पोटात काय न्हाय एवढं बघितलं आणि सगळी खूश झाली. बाकीचं लग्न झालं की आपोआप होतंय म्हणत्यात."

"पावणं, जरा जवळ सरका की!" फोटोग्राफर ओरडला. "हसा, हसा!"

ती क्यामेऱ्याकडं बघतच म्हणाली, "गुरुवारी बाई बसत्यात अजून?"

मला काय आनंद झाला! "बसत्यात की! बिनधास्त ये तू. मी असतोयच दारात!"

"दारात तू असल्यावर कोण येतंय, मामा?"