सारवणावरची खूण

धुळ्याच्या क्लबातलं टेनिसचं मैदान मी रोज सकाळी शेणानं सारवते. तिथे एक तरुण वकील खेळायला येतात. चेंडू चुकला की ते पाठ फिरवतात, पँटला हात पुसतात आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं परत उभे राहतात. माणसाचं मन इतकं घट्ट कसं असतं, मला कळत नसे.

काल जळगावच्या खेळाडूशी त्यांचा स्पर्धेतला शेवटचा सामना होता. अगदी अखेरीस समोरच्याचा चेंडू पंचांनी बाहेर दिला. वकीलभाऊंनी वाकून सारवणावरची खूण पाहिली. "आत आहे," म्हणाले, आणि तिथेच सामना हरले.

"काय वकील, स्वतःविरुद्धच साक्ष दिली?" कुणीतरी म्हणालं. तेही हसले.

आज मी बादली घेऊन गेले, तर ते त्याच कोपऱ्यात उकिडवे बसलेले. डोळे तारवटलेले.

"अक्का, तुम्ही सांगा. आतच होता ना?"

चुन्याच्या रेघेपाशी दोन खुणा होत्या, एक आत, एक बाहेर. त्यातली त्या चेंडूची कोणती, मलाही कळेना. मी आतलीवर बोट ठेवलं. मोठा श्वास सोडून ते उठले.

ते गेल्यावर मी दोन्ही खुणा सारवून टाकल्या. मी खरं सांगितलं की खोटं, मला अजून कळत नाही.