लग्न झालेली आश्रित

बाबा फौजेत सुभेदार होते. सैनिकांच्या सहकारी बँकेतलं त्यांचं सभासदत्व त्यांच्यामागे मी चालवावं, ही त्यांची इच्छा. ते गेल्यावर, सगळं उरकून सिंगापूरला परतल्यावर टॅम्पिनीसच्या फ्लॅटमधून मी बँकेला फोन लावला.

"ताई, आम्ही सभासदाच्या आश्रितांनाच घेतो. लग्न झालेली मुलगी आश्रित नसते. भाऊ नाही का?"

"नाही. मी एकटीच."

"मिस्टर फौजेत आहेत?"

"ते इथे सिंगापूरला कंपनीत आहेत."

"मग अवघड आहे."

माझ्या पर्समध्ये इथल्या सरकारने दिलेला डिपेंडंट पास होता. नवऱ्याची आश्रित म्हणून मी चालत होते, बाबांची म्हणून नाही.

"त्यांना अग्नी मी दिला," मी ओरडले. "तेव्हा मी कुणाची होते?"

"ताई, नियम मी नाही केले."

ते खरं होतं, म्हणून जास्तच संताप आला.