हिरव्या रंगाखालचं कुलूप

फोन आला तेव्हा माझ्या ओट्यावर एक पितळी कुलूप चिंचेच्या कोळात पडलं होतं. घागांनीच आदल्या रविवारी दिलेलं. "मॅडम, याला आंघोळ घाला आणि मग वय सांगा," असं म्हणत त्यांनी ते माझ्या पिशवीत टाकलं होतं, भाजीवाला वरून मिरच्या टाकतो तसं. फोनवर त्यांची बायको नलिनी होती. "हे गेले हो... चहा मागितला आणि मी घेऊन येईपर्यंत..." मी "निघते" म्हणाले, फोन ठेवला आणि पुन्हा ओट्याशी जाऊन कुलूप चोळत बसले. का, ते आजही सांगता येणार नाही. चिंचेनं काळपट थर सुटत होता, खालून पिवळं पितळ वर येत होतं, आणि मला वाटत होतं की हे पूर्ण लख्ख झालं की फोन आलाच नव्हता असं होईल. मग भानावर आले आणि रिक्षा केली. अंबरनाथ ते बदलापूर, ऊन तेच, रस्ता तोच, आणि मी मनातल्या मनात घागांशी भांडत होते की हे कुलूप तुम्ही म्हणता तेवढं जुनं नाही.

प्रभाकर घाग आमच्या कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते आणि मी प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या, प्रयोगशाळेत केमिस्ट. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतला तो कारखाना आता नाही, पण एका दुपारी हा उंच, किरकोळ माणूस माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला ते मला स्वच्छ दिसतं. हातरुमालात गुंडाळलेलं कुलूप त्यांनी पुढे केलं. "याच्या कडीवर निकेल आहे की क्रोम, बघता का?" मी ॲसिडचा एक थेंब सोडला. थेंब फसफसला, हिरवट झाला. "क्रोम," मी म्हणाले. "शक्य नाही," ते म्हणाले, "याची घडण त्याच्या आधीची आहे." नव्या माणसानं माझ्याच टेबलाशी उभं राहून मला शिकवावं! मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. ते ऐकून घेत होते, आणि दुसऱ्या दिवशी दुसरं कुलूप घेऊन हजर. पस्तीस वर्षांची मैत्री अशी भांडणानं सुरू झाली आणि आम्ही दोघांनीही ते भांडण शेवटपर्यंत जपलं.

घाग घडण बघत. रिव्हेटचं डोकं हातोडीनं ठोकलेलं असेल तर दोन रिव्हेट सारखे कधी नसतात, यंत्रानं दाबलेले जुळ्या भावांसारखे दिसतात. किल्लीची नळी पोकळ आहे की भरीव, दात कानशीनं घासलेत की ठोकून कापलेत, किल्लीच्या भोकावर सरकती झाकणी आहे का, यावरून ते कुलपाचं वय काढत. मी धातू बघे. माझं म्हणणं साधं होतं, की आकारावर भरवसा ठेवू नका, साचा आजोबांचा असतो आणि ओतकाम नातवाचं. कारागीर जुना आकार पिढ्यान् पिढ्या चालवतात, पण मुलामा ज्या काळात निघाला त्याच्या आधी कुणालाच चढवता येत नाही. कधी मी जिंकायचे, कधी ते. पण एक गोष्ट त्यांना जमे ती मला कधी जमली नाही. कुलूप तळहातावर घेतलं की ते गप्प होत, आणि हळूहळू तिथून निघून जात... बसलेले समोरच, पण नसत. एकदा किल्लीच्या भोकाभोवतीचे ओरखडे बोटानं चाचपत म्हणाले, "डावखुरा माणूस होता. आणि घाईत यायचा." मग थोड्या वेळानं, "कुणीतरी वाट बघत असणार." मी हसले. आज हसू येत नाही.

निवृत्तीनंतर आमचा रविवार उल्हासनगरच्या भंगार बाजारात जाई. तिथला एक सिंधी चाचा घागांना बघितलं की पोत्यातून कुलपं उपसायचा. "देखो साईं, अंग्रेज के टाइम का माल! दादा सिंध से लाया था मेरा." घाग लगेच विरघळत. मी पर्समधून लोहचुंबक काढून कुलपाला लावायचे, टक्कन चिकटायचा. "चाचा, पितळेला मॅग्नेट कधीपासून चिकटायला लागलं?" चाचा कपाळाला हात लावून घागांना म्हणायचा, "मॅडम को मत लाया करो यार, धंदा खोटी होता है." तिघंही हसायचो, मग तोच चहा मागवायचा. मिठाच्या पाण्यात महिनाभर बुडवून म्हातारी केलेली कुलपंही त्यानं आम्हाला विकायचा प्रयत्न केला. तेही मी ओळखलं, आणि घागांना त्याचंच जास्त वाईट वाटलं. "राहू द्या हो," बाहेर आल्यावर म्हणाले, "त्याच्या दादानं काहीतरी आणलं असेलच की."

बदलापूरच्या मांजर्लीतल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात बाहेरच्या खोलीची एक भिंत कुलपांची होती. फळीवर खिळे, खिळ्यांना कुलपं आणि प्रत्येकाच्या कडीत दोऱ्यानं बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा, शर्टाच्या खोक्यातून कापलेला. त्यावर घागांच्या टूलरूमच्या ठसठशीत अक्षरात घडण, धातू आणि काळ. दुपारी खिडकीतून ऊन आलं की ती भिंत हळूहळू पेटल्यासारखी होई, आणि पंख्याच्या वाऱ्यानं पुठ्ठे एकदम हलत. समोर खाटेवर त्यांची आई, माई, बसलेली असे. नव्वदीकडे झुकलेली, बोळक्या तोंडाची, कोकणातल्या बोलीची. तिच्या डोक्यावरच्या खिळ्याला एक कुलूप एकटंच लटके. हिरव्या ऑइलपेंटनं माखलेलं, इतके थर की कोपरेही गोल झालेले. विठ्ठलवाडीच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीचं ते कुलूप. दर दिवाळीला माई दार रंगवायची आणि उरलेला रंग कुलपाला फासायची. घागांनी तो रंग कधी खरवडला नव्हता.

त्या कुलपाची गोष्ट त्यांनी मला कँटीनमध्ये एकदाच सांगितली होती. ते पाच वर्षांचे आणि धाकटी सुमन दोन वर्षांची असताना वडील घरातून निघून गेले. माईनं मुलांना सांगितलं, कामाला गेलेत लांब. माई काड्यापेटीच्या कारखान्यात जाऊ लागली, मुलं शेजारी. "कुलपाला दोन किल्ल्या होत्या," घाग म्हणाले. "एक आईकडे, एक बाबांकडे. मी शाळेतून यायचो तेव्हा आधी कुलपाकडे बघायचो. उघडं असलं तर बाबा आले. किल्ली होती ना त्यांच्याकडे." ते कधीच उघडं नव्हतं. निवलेल्या चहाचा कप त्यांनी बाजूला सारला. मग म्हणाले, "यायचं असतं तर आले असते, मॅडम. किल्ली असलेल्या माणसाला कोण अडवणार?" साठीच्या माणसाच्या आवाजात पाच वर्षांचं पोर बोललेलं मी त्या दिवशी ऐकलं.

आणि हे सगळं माहीत असताना मी जे केलं ते केलं. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या हिरव्या कुलपावरून वाद निघाला. घाग म्हणाले, सहा लिव्हरचं, घडण अमुक काळातली, म्हणजे बाबांनी खोली घेतली तेव्हाचंच. मी म्हणाले, रंगाखाली बघितल्याशिवाय मी काहीच मानणार नाही. "मग बघा," ते म्हणाले, आणि खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिलं. इतका विश्वास होता त्यांना, स्वतःच्या नजरेवर आणि माझ्यावरही. माई खाटेवरून काहीतरी बोलली, पण पंख्याच्या आवाजात ते नीट ऐकू आलं नाही, किंवा मी ऐकलं नाही.

माझ्या गॅलरीत मी कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात ते कुलूप सोडलं. घाग शेजारी स्टुलावर बसले होते. रंग फुगला, सुटला, एकेक दिवाळी पापुद्र्यासारखी वर आली. गडद हिरवा, पोपटी, मध्येच एक वर्ष निळा... त्या निळ्याकडे बोट दाखवून ते लहान मुलासारखे हसले. मग पितळ दिसलं आणि तळाशी ठसा. मी चष्मा पुसून वाचला आणि जिंकल्याच्या भरात मोठ्यानं म्हणाले, "पासष्ट मिलीमीटर! बघा घाग, मिलीमीटर! तुमचे बाबा गेले तेव्हा बाजारात इंच होते. हे त्यानंतरचं." बोलले आणि मग मला कळलं, मी काय बोलले. घागांनी कुलूप माझ्या हातातून घेतलं, ठशावरून अंगठा फिरवला. वडिलांच्या खिशातली किल्ली या कुलपाची नव्हती. ते गेल्यावर कुणीतरी दाराचं कुलूप बदललं होतं, आणि ते कुणी बदललं असेल हे विचारायची गरज नव्हती.  घाग ते फडक्यात गुंडाळून घेऊन गेले.

दोन महिने त्यांचा फोन आला नाही. मी केलेले त्यांनी उचलले नाहीत. स्वतःला इतकी दूषणं मी आयुष्यात कधी दिली नसतील. कशासाठी मला एवढं बरोबर असायचं होतं? मग एका सकाळी ते दारात उभे. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "बाबा आले होते, मॅडम." मी दार पूर्ण उघडलं. "आईला विचारलं मी. आले होते. किल्ली लावून बघितली त्यांनी. दोनदा. लागली नाही, तेव्हा किल्लीकडे बघत राहिले, मग खिशात घालून गेले. आई समोरच्या खोलीतून बघत होती. मी तिच्या मांडीवर झोपलो होतो." एवढं सांगून ते जिना उतरले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता की दुसरं काही, मला ओळखता आलं नाही. पुढच्या रविवारी आम्ही नेहमीसारखे चाचाच्या दुकानात होतो. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. मी काढला नाही, त्या कुलपांच्या भिंतीजवळ जायचंही टाळलं. मला भीती वाटत होती, आणि ते आता कुठे लपवायचं?

ते गेल्यावर पाचेक आठवड्यांनी मी मांजर्लीला गेले. नलिनी स्वयंपाकघरात होती. माई भिंतीकडे तोंड करून खाटेवर. मुलगा गेल्यापासून रडली नाही, नीट बोलत नाही, असं नलिनी फोनवर सांगायची. मी शेजारी बसले तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.

"बाय, तुला सांगितलान काय त्यानं?" तिनं विचारलं. "मी कुलूप बदललं ता?"

"सांगितलं, माई."

"सुमनच्या हातावर डाग हाय ना... ता दुधान भाजलेला नाय, तसा मी सगल्यांना सांगायची. बापसानं ढकललान तिला, चुलीवर. ता मी पोराला तवाच सांगितलं, चार वर्साखाली. त्यानं आयकून घेतलान. उठला आनि माझ्या पायाला तेल लावलान, रोज लावायचा तसा. एक सबूद बोलला नाय. मंग मी रोज वाट बघितली, की आज बोलंल, उद्या बोलंल. बापूस तोडलास माझा, आसं तरी बोलंल..." तिनं माझ्याकडे तोंड वळवलं. "त्याच्या मनात काय व्हतं गो? तू त्याची मैतरीण. तुला म्हाईत आसंल."

मला माहीत नव्हतं. खोटं बोलावं असं क्षणभर मनात आलं. नव्वदीच्या बाईला दिलेल्या दिलाशाला कुणी चुंबक लावून बघणार नव्हतं. पण ते जमेना. मी वर बघितलं. कुलूप पुन्हा त्याच खिळ्याला होतं, आता पिवळंधमक, आणि त्याला नवा पुठ्ठा. उठून मी तो हातात घेतला. घडण, धातू, आणि काळाच्या पुढे मी सांगितलेलाच काळ, खाली रेघ मारून "मॅडमचं बरोबर." माझे डोळे भरून आले. पुठ्ठा उलटला, तर मागेही एक ओळ होती. इतकी वर्षं ही कुलपं हाताळली, पण पुठ्ठ्याची मागची बाजू कधी बघितली नव्हती. मी बाजूच्या कुलपाचा पुठ्ठा उलटला, मग त्याच्या पलीकडचा. प्रत्येकामागे एकच शब्द, "राखण", आणि पुढे त्या कुलपानं काय सांभाळलं ते. तांदळाची कणगी. दवाखान्यातलं औषधांचं कपाट. नव्या नवरीची ट्रंक. पुष्कळ ठिकाणी नुसतं "माहीत नाही."

मी पुन्हा माईच्या कुलपाशी आले आणि मोठ्यानं वाचलं.

"राखण: सुमन आणि मी."

 मला वाटलं, माईला ऐकू गेलं नाही. मी खाटेवर बसून पुठ्ठा तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नाही, तरी तिनं तो डोळ्यांजवळ नेला, अक्षरांवर बोट ठेवलं.

"सुमनचं नाव आदी लिवलान?"

"हो माई. आधी सुमनचं, मग स्वतःचं."

"म्हंजे कळला व्हता त्याला," ती म्हणाली, आणि पुठ्ठा छातीशी धरून मुलासाठी पहिल्यांदा रडली.