दात तिचे, तिला विचारा

दंतोपचारतज्ज्ञ डॉ. भामरे, म्हणजे जळगावकरांचे नाना, पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत. त्यांच्या दवाखान्यात येणाऱ्यांना उपचार समजावून सांगण्याचे काम मी करते. पण आमची पहिली ओळख झाली तेव्हा मी त्यांच्या खुर्चीत तोंड उघडून बसले होते.

आम्ही अमळनेरचे. माझे लग्न धुळ्याला ठरले होते. लग्नाआधी माझे पुढे आलेले, एकमेकांवर चढलेले दात सरळ व्हावेत, अशी सासरच्यांची अट होती. एका दवाखान्याने दात यंत्राने घासून बारीक करून त्यांवर कॅप, म्हणजे कृत्रिम आवरणे, बसवण्याचा सल्ला दिला होता. खात्री करून घ्यावी म्हणून आबा, म्हणजे माझे वडील, आणि काका मला नानांकडे घेऊन आले.

नानांनी माझ्या दातांचा प्लास्टरचा साचा टेबलावर ठेवला आणि सगळे शांतपणे सांगितले. धातूच्या तारा दिसतात, पण वेडेवाकडे दात त्या नेटाने वळवतात. दाताच्या रंगाच्या तारा कमी दिसतात, मात्र तार धरून ठेवणारी, दातावर चिकटवलेली त्यांची चकती तुटण्याची भीती असते. दातांवर चढवायचे पारदर्शक साचे जेवताना काढता येतात, पण एरवी दिवसरात्र घातले तरच उपयोग. शिवाय माझ्या दातांना ते पुरे पडले नसते. कॅप लग्नापर्यंत तयार झाल्या असत्या, पण घासलेला निरोगी दात पुन्हा मिळत नाही.

काकांनी लगेच कॅपचा निर्णय दिला आणि आबांनी मान डोलावली. नानांनी दोघांनाही अदबीने बाहेर बसायला सांगितले. दात ज्याचे त्यालाच विचारायचे, ही त्यांची रीत आजही तशीच आहे. मग ते मला म्हणाले, "दात तुना शेतस. तू काय म्हनस?"

तोवर मला कुणी काही विचारलेच नव्हते. मला रडू कोसळले. "माले कापाना नहीत," मला दात कापायचे नाहीत, एवढेच मी म्हणाले.

पुढच्या रविवारी नाना स्वतः एसटीने धुळ्याला गेले. मुलगी तारांसह बोहल्यावर उभी राहील, दात सरळ व्हायला दीडदोन वर्षे लागतील, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्या मंडळींनी लग्न मोडले. नाना तसेच अमळनेरला आले आणि आबांसमोर बसून म्हणाले, "मोडलं ते माझ्यामुळे. बोल लावायचा तर मला लावा, पोरीला नको." आबांनी त्यांना चहाही विचारला नाही. पुढे तारा घट्ट करायला मला आईच घेऊन जायची, आबा कधी आले नाहीत.

नाना गोड बोलणारे मुळीच नाहीत. तारा लावून चिक्की खाल्ली तर ते असे काही झापतात की पुन्हा हिंमत होत नाही. पारदर्शक साच्यांना त्यांचा विरोध नाही. जिथे जमतात तिथे ते आवर्जून देतात. उपचार खपवायचा नसतो, समजावायचा असतो, हे मी त्यांच्याकडून शिकले.

तारा निघाल्या त्या दिवशी मात्र आबा आले. नानांनी त्यांना माझ्याजवळ बोलावले. आबांनी माझे सगळे दात एकेक करून नीट पाहिले. मग नानांचे हात धरून म्हणाले, "नाना, ह्या बठ्ठा तिनाच दात शेतस."

नानांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, आणि बाहेर बसवलेल्या आणखी कितीतरी बापांना त्यांच्या हातून सरळ झालेले लेकीचे स्वतःचे दात बघायला मिळोत.